उजेड जरा खाली घ्या

या मित्रांनो, असे जवळ या. माझ्या बॉनेटची धग आता निवली आहे, चाकाशी सावलीत खुशाल टेका. कीर्तनात बुवा उत्तररंगात आख्यान लावतात ना, तशी एक गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे. टाळ-मृदंग माझ्यापाशी नाहीत, तेवढं सांभाळून घ्या.

मी एक जुना मालट्रक आहे. चाकणच्या कारखान्यांतून लोखंडी सुटे भाग उचलायचे आणि पिंपरीच्या गोदामात पोचवायचे, यातच माझं आयुष्य गेलं. माझे मालक सोपानराव देहूचे. कीर्तनाचं त्यांना भारी वेड. केबिनमध्ये ते इतक्या मोठ्याने लावायचे की सिग्नलला शेजारचा रिक्षावालाही मान डोलवायचा. रोज सकाळी माझ्या चाकाला हात लावून नमस्कार, मग ऑइल, पाणी, हवा आणि टायरवर हातोडीचा एक टोला. एवढं झाल्याशिवाय आम्ही कधी निघालो नाही.

वय झालं तसे माझे पुढचे पाटे बसले. पाटे म्हणजे चाकावरच्या पोलादी पट्ट्या. खड्ड्यांचे धक्के त्याच सोसतात. त्या बसल्या तशी मान खाली गेली, आणि कारखान्याच्या फाटकातल्या उंचवट्यावर माझा बंपर घासू लागला. फाटकावरचा भीमराज एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, "सोपानराव, ट्रक आणलाय का नांगर? पेरणीच करून टाका की राव!"

ते बोलणं सोपानरावांना लागलं. त्यांनी मला तडक तळवड्याला अकबरभाईंच्या गॅरेजात नेलं. अकबरभाईंनी दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घातला आणि मी पुढून चांगला चार बोटं उचलला गेलो. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

"काका, उचलला म्हणजे काम झालं असं नाही," हात पुसत अकबरभाई म्हणाले. "उद्या परत आणा. बोल्ट पुन्हा आवळायला लागतील. स्टिअरिंग मधोमध आणायचं, ब्रेकचा पाइप ताणतो का बघायचं. आणि हेडलाइट. त्यांचा उजेड आता वर गेलाय."

"येतो की. आळंदीला सप्ता हाय, तेवढा उरकू द्या."

"सप्ता आठवडाभर चालतो, काका!"

"मंग? ट्रक काय पळून जातोय व्हय?"

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा नमस्कार झाला. ऑइल, पाणी, हवा, हातोडीचा टोला, सगळं ठीक. पण मित्रांनो, ती तपासणी माझ्या जुन्या उंचीची होती! सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं राहत होतं. सोपानराव हसून म्हणाले, "माजलास व्हय रं?" आणि हातानेच सावरत राहिले.

संध्याकाळी कीर्तनाला आळंदीकडे निघून दिवे लावले की समोरून येणाऱ्या गाड्या लाइट उघडझाप करायच्या, माणसं हात हलवायची. आता आळंदीचा रस्ता म्हणजे अनोळखी माणसालाही माऊली म्हणून हात जोडणारा. सोपानरावांना वाटलं, लोक रामराम घालताहेत! तेही लाइट उघडझाप करून "राम कृष्ण हरी, माऊली!" म्हणायचे. एक जण खिडकीतून चांगलाच ओरडला. सोपानराव मला म्हणाले, "बघ, कसा दिसतोयस तू! लोक वळखाया लागलं आपल्याला." मीही फुगलो.

सप्ताह संपायच्या आदल्या संध्याकाळी माझ्या पाठीवर पुरा माल होता. मागून दबलो, तसं नाक आणखी वर. दिवस नुकताच मावळला होता. समोरून एक दुचाकी आली. तिच्यावरच्या माणसाने डोळ्यांवर हात आडवा धरला. सोपानरावांनी नमस्काराला हात वर केला, आणि ती दुचाकी रस्ता सोडून खडीत गेली.

सोपानराव धावले. "अरं देवा! अकबरभाई!"

अकबरभाई उजवं मनगट पोटाशी धरून बसले होते. "काहीच दिसलं नाही, काका. नुसता पांढरा उजेड."

मनगट मोडलं होतं. बोटांत पाना धरायची ताकद परत येईल का, हे डॉक्टरांना तेव्हा सांगता येईना. त्या घराची चूल त्या हातावर पेटत होती. अकबरभाईंची बायको झुलेखा दवाखान्यात आली. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "रस्त्यात भेटेल त्याला माऊली म्हणता, काका. मग समोरची माऊली दिसली कशी नाही?"

त्या संध्याकाळी सोपानराव कीर्तनाला गेले नाहीत. दवाखान्याच्या पायरीवर मान खाली घालून बसून राहिले.

अकबरभाई घरी आले, तसे सोपानराव मला घेऊन गॅरेजापुढे उभे राहिले. "डोकं तुमचं, हात माझं," ते म्हणाले. "सांगा, काय करू?"

अकबरभाई प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून स्टुलावर बसले. सोपानरावांनी बोल्ट आवळले, स्टिअरिंग मधोमध आणलं.

"ब्रेकचा पाइप असा नका बघू, काका. जमिनीवर ठीकच दिसणार. जॅक लावा, चाक लोंबू द्या, मग स्टिअरिंग पुरतं वळवा."

तसं केलं, तर पाइप वीणेच्या तारेसारखा ताणलेला! एखाद्या खड्ड्यात तो तुटला असता, तर ब्रेकच लागला नसता. सोपानरावांनी तिथल्या तिथे लांब पाइप बसवला.

मग माझ्या पाठीवर माल चढवला. अंधारू लागल्यावर दिवे लावले. उजेड कुठे पडतो हे बघायला समोर कुणीतरी उभं राहायला हवं होतं. कुणी बोलावलं नव्हतं, पण झुलेखा ओले हात ओढणीला पुसत आली आणि गल्लीत माझ्यासमोर उभी राहिली.

"डोळ्यांत घुसतंय."

सोपानरावांनी दिव्याशी वाकून स्क्रू फिरवला.

"अजून खाली घ्या. अजून. थांबा... हां. आता तुमचं तोंड दिसलं, काका." ती जरा थबकली. "रडताय का?"

"न्हाई पोरी, घाम हाय."

अकबरभाईंची बोटं पुढे मिटू लागली. बोल्ट शेवटचा घट्ट आवळणं मात्र त्यांना अजून जमत नाही. त्या वेळी ते सोपानरावांना फोन करतात, आणि सोपानराव हातातलं काम टाकून जातात.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, गाड्या घ्याल. हौसेने उंच करायची तर जरूर करा. पण उंची बदलली की जुन्या सवयीने तपासू नका. जाणकाराकडे न्या, सगळं नव्याने बघा. आणि संध्याकाळी दिवा लावण्याआधी, माझ्या उजेडात डोळे किलकिले करून उभी राहिलेली ती झुलेखा एकदा आठवा.