भिंतीकडचे टोमॅटो: एका वजनकाट्याची जबानी

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही म्हणाल, हे पाव किलो आहे. मी म्हणेन, आधी तबकात ठेवा, मग बोलू. आमच्या जातीचा स्वभावच तसा. कारखान्यात माझी सुई बसवली, वर पांढरे तबक चढवले आणि लगेच एका तपासनिसापुढे उभे केले. त्याने तेच एक किलोचे वजन माझ्यावर अकरा वेळा ठेवले आणि अकराही वेळा डोळे बारीक करून पाहिले. जन्माच्या दिवशीच ज्याच्यावर इतका संशय घेतला गेला, तो पुढे भोळा कसा निघणार?

या घरात मला आईने आणले. आई म्हणजे या घरातल्या अप्पांची बायको. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कट्ट्यावर बसलो. तिथून मागचे अंगण दिसते, भिंत दिसते आणि शेजारच्या कुंपणाची फटही दिसते, पण सकाळी कोणी उठून खिडकी उघडल्यावरच. आईला माझी फारशी गरज नव्हती. तिचे अंदाज इतके बरोबर असत, की ती माझ्यावर काही ठेवायची ती मलाच शिकवण्यासाठी, असे मला वाटे. भिंतीकडच्या वाफ्यात ती दर वर्षी टोमॅटो लावायची. बी तिचे स्वतःचे, कागदाच्या पुडीत जपलेले.

आई गेली. अप्पा आजारी पडले. त्यांची मूत्रपिंडे अशक्त झाली आणि डॉक्टरांनी मीठ कमी केले, पाणी मोजून दिले आणि टोमॅटो तर साफ बंद केला. घरात त्यांची मोठी मुलगी होती. तिला सगळे ताई म्हणत. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे काढून ती निवृत्त झाली होती. तिच्या हातात मी आलो आणि माझे दिवस पालटले. अप्पांची भाजी शंभर ग्रॅम, भात दीडशे ग्रॅम, सगळे माझ्यावरून जाऊ लागले. ताई मला रोज पुसायची. "हा एकटाच या घरात खरं बोलतो," असे म्हणायची. मी फुगलो होतो, खोटे कशाला बोलू?

घरात आणखी एक जण होता, ताईचा धाकटा भाऊ. तो लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करणारा कारागीर. त्याचा कारखाना बंद पडला तेव्हा त्याने एक जुने लेथ यंत्र घेतले आणि अंगणात शेड बांधायची म्हणू लागला. शेडला भिंतीचा आधार हवा होता. भिंतीकडे आईचा वाफा होता.

"तिथे हात लावायचा नाही," ताई म्हणाली.

"अगं, त्या वाफ्यात येतं काय? गाठोड्यासारखे वेडेवाकडे टोमॅटो. देठापाशी चिरतात, चार दिवस टिकत नाहीत. दुकानातलं बी लाव, दुप्पट येईल."

"दुप्पट येईल हे कोणी मोजलं?"

झाले! प्रयोगशाळेचे रक्त उसळले. ताईने अंगणात सारख्या मापाचे चार वाफे आखले. भिंतीकडे आईची जात. तिला भावाने ठेवलेले 'गाठोडं' हेच नाव चिकटले. त्याच्या शेजारी दुकानातली संकरित जात, गोल आणि गुळगुळीत, म्हणून 'चेंडू'. तिसरी लांबट, गराची, तिचे नाव 'अंगठा'. चौथी झुपक्याने लागणारी, बोराएवढी, ती 'मणी'. चारींना एकच खत, सारखेच पाणी, एकाच दिवशी लावणी. फळ पिकले की वजन माझ्यावर आणि नोंद वहीत. एकूण वजनात जी जात शेवटची येईल तिचा वाफा शेडला जाणार. आईची जात शेवटची आली नाही, तर भावाने भिंतीचे नाव काढायचे नाही. दोघांनी वहीत सह्या केल्या. सख्ख्या भावंडांनी सह्या केल्या, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

पहिले तीन आठवडे ठीक गेले. मणी लवकर आला आणि ढिगाने आला, पण माझी सुई जेमतेम हलवायचा. चेंडू एकापाठोपाठ एक, जणू एकाच साच्यातून काढलेले. अंगठ्याच्या बुडाशी काळा डाग पडू लागला. ताईने तोही वहीत टिपला. गाठोडं उशिरा आले, पण काय आले! एकेक फळ पावणेतीनशे, तीनशे ग्रॅमचे. खरबुजासारख्या खाचा आणि वास असा, की तबक धुतले तरी जाईना.

मग एके सकाळी ताई अंगणातून रिकाम्या हाताने आली.

"काल संध्याकाळी भिंतीकडे चार पिकलेली होती. मी मोजली होती. आज दोनच आहेत."

"उंदीर असेल," भाऊ चहा ढवळत म्हणाला.

"उंदीर देठ कात्रीने कापतो?"

खरेच, देठ तिरका आणि स्वच्छ कापलेला होता. खाली साल नाही, बी नाही. दोन दिवसांनी आणखी एक गेला. मग आणखी दोन. बाकीच्या तीन वाफ्यांना कोणी हातही लावला नव्हता. ज्याला भिंत हवी होती तोच यात फायद्यात होता. मी कट्ट्यावरून भावाकडे पाहू लागलो. तो सकाळी उठून अंगणात दात घासायला जायचा. दात घासायला इतका वेळ लागतो का?

ताईने झाडांच्या देठांना दोरे बांधले, कोणी फळ तोडले तर कळावे म्हणून. भावाला ते दिसले.

"माझ्यावर पहारा ठेवतेस? आणि तुझ्या वहीवर कोण पहारा ठेवणार? तू मोजतेस, तूच लिहितेस. हा काटा तरी बरोबर दाखवतो कशावरून?"

मित्रांनो, हे ऐकून माझी काय अवस्था झाली असेल! त्याने मला उचलले, पाठीचे चार स्क्रू काढले आणि तिच्यासमोर मला उघडे केले. "बघ, मी काही फिरवलेलं नाही. बघून घे." तेल घातले, स्प्रिंग ताणून पाहिली, पुन्हा आवळली. आवळताना हात जरा जास्तच रागात होता. त्या दिवसापासून माझी सुई रिकाम्या तबकातही शून्याच्या थोडी अलीकडे उभी राहते. तेव्हापासून मी स्वतःवरही संशय घेऊ लागलो. खरे सांगतो, इतरांवर संशय घेण्यात जी मजा असते, ती स्वतःवर घेण्यात नाही.

आता शेजारच्या मावशींबद्दल सांगायला हवे. कुंपणापलीकडे त्या एकट्या राहत आणि कपडे शिवत. आईची आणि त्यांची घट्ट मैत्री होती. रोज दुपारी खांद्याला पिशवी लावून त्या यायच्या आणि अप्पांना वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या. पिशवीत टेप, कात्री, कापडाचे तुकडे. कात्री! माझ्या डोक्यात ही गोष्ट आली, त्याच दिवशी ताईच्याही आली. आम्ही दोघे एकाच मुशीतले.

त्या दिवशी मावशी उठून निघाल्या तेव्हा ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"मावशी, राग मानू नका. पिशवी जरा बघू?"

मावशी आधी हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. मग त्यांनी ताईचा चेहरा पाहिला. त्यांनी पिशवी कट्ट्यावर, माझ्या शेजारीच, पालथी केली. टेप, कात्री, खडू, चष्म्याची डबी. आणि एक डबा. ताईने तो उघडला. आत तीन टोमॅटो होते, लालभडक आणि खाचाखाचांचे.

"माझ्या कुंडीतले आहेत," मावशी म्हणाल्या. "कपडे पोचवायला पलीकडच्या गल्लीत जाते आहे, तिथल्या बाईंसाठी घेतलेत. रोपं तुझ्या आईनंच दिली होती मला."

"ही जात आमच्याशिवाय कुणाकडेच नाही."

"नाही कशी? येऊन बघ की दारात."

"कुंडीत आज काय कुणीही रोप लावेल," ताई म्हणाली.

मावशींनी सामान पुन्हा पिशवीत भरले. टोमॅटो मात्र कट्ट्यावर तसेच ठेवले. "ठेव. मोजून घे," एवढेच म्हणाल्या आणि गेल्या. आतल्या खोलीतून अप्पांनी दोनदा हाक मारली, "काय झालं गं?"  आमचे सगळे बोलणे त्यांच्यापर्यंत पोचले होते.

आणि मित्रांनो, त्या दिवसापासून चोरी थांबली. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. एकही फळ गेले नाही. याहून मोठा पुरावा तो कोणता? ताईने वहीत तारीख घातली. भाऊ म्हणाला, "बघ, उगाच माझ्यावर दोरे बांधलेस." दोघांचा समेट झाला, तो तिसऱ्याच्या पाठीवर. ताईने गल्लीतल्या दोन-तीन बायकांना ही हकीकत सांगितली. त्या बायकांनी आणखी चौघींना. शिवणकाम करणाऱ्या बाईकडे लोक विश्वासाने कापड टाकतात. लोक आता कापड टाकताना तिच्यासमोरच मोजू लागले आणि मग टाकेनासेच झाले. मावशींच्या शिलाई यंत्राचा आवाज रोज कुंपणापलीकडून यायचा. तो कमी होत गेला आणि मी मनात म्हणालो, बरे झाले.

नवव्या दिवशी अप्पांनी जेवण नाकारले. शंभर ग्रॅम भाजी तशीच परत आली. दहाव्या दिवशीही. अकराव्या दिवशी ते काठी टेकत स्वतः स्वयंपाकघरात आले. पाय सुजलेले होते. ताई त्यांचा भात माझ्यावर मोजत होती.

"तिला बोलाव," ते म्हणाले.

"कोणाला?"

"वाचणारीला."

"अप्पा, चोरी करते ती."

अप्पांनी भाताची वाटी माझ्यावरून उचलून बाजूला ठेवली. "चोर मी आहे," ते म्हणाले.

भाऊ दारात येऊन उभा राहिला होता. 

"सकाळी तुम्ही झोपलेले असता. मी नखं कापायची कात्री घेऊन जातो, तिथेच उभा राहून खातो, बी-साल सगळं. गेलं वर्षभर तुम्ही तोंडात घालता ते मला कागदासारखं लागतं. एवढा एकच टोमॅटो मला टोमॅटोसारखा लागला. सांगितलं असतं तर कुलूप लावलं असतंत. तिच्यावर आळ आला त्या दिवशी भिऊन थांबलो. त्याच दिवशी बोलायला हवं होतं. नाही बोललो."

 ताईने आधी त्यांच्या पायाला बोट लावून सूज पाहिली आणि मग भावाला गाडी आणायला सांगितले. अप्पा पाच दिवस दवाखान्यात होते. डॉक्टरांनी ताईला फैलावर घेतले. रक्तातले क्षार इतके वाढले होते, की टोमॅटो मध्येच थांबले नसते तर हृदय थांबले असते. मी कट्ट्यावर एकटा बसून हिशोब करत होतो. त्यांचा प्रत्येक घास माझ्यावरून गेला होता. किती ग्रॅम, ते मला पाठ होते. त्यांना तो लागतो कसा, हे मला कधी कळलेच नाही.

अप्पा घरी आले त्या दुपारी ताई कुंपणापलीकडे गेली. खिडकीतून, कुंपणाच्या फटीतून मला मावशींचे दार दिसत होते. कुंड्या खरेच दारात होत्या; मीच आजवर तिकडे नीट पाहिले नव्हते. मातीत रुतलेल्या, जुन्या.

"चूक माझी झाली," ताई म्हणाली. "माफी मागायला आले आहे."

"माफ केलं," मावशी म्हणाल्या. "पण माझ्यापाशी मागून काय होणार? जिथे सांगितलंस तिथे जाऊन सांग."

ताई परत आली. पाणी प्यायली. मग चपला घालून गल्लीत निघाली, घरोघर. भाऊ म्हणाला, "मीही येतो, मीही गप्प बसलो होतो." संध्याकाळी दोघे परतले तेव्हा ताईचा चेहरा उतरला होता. एका घरी तिला म्हणे विचारले, "मग तेव्हा खोटं बोललात की आता?" त्यावर तिने उत्तर दिले, "तेव्हा." मावशींची काही गिऱ्हाइके परत आली. सगळी नाही आली.

वहीतल्या आकड्यांत चेंडू पहिला आला आणि गाठोडं शेवटचे. पण अप्पांनी खाल्लेले धरले, तर ते दुसरे आले असते. आणि किती खाल्ले ते अप्पांनाही नीट सांगता येईना. भावाने वही मिटली. "ही मोजणी काही खरी नाही," म्हणाला, "भिंत राहू दे." त्याने लेथ पुढच्या पडवीत बसवले. दिवसभर डोके उठते, पण कोणी तक्रार करत नाही.

मावशी आमच्या घरी परत आल्या नाहीत. आता अप्पाच रोज दुपारी काठी टेकत त्यांच्याकडे जातात. मावशी त्यांच्यासाठी खुर्ची बाहेर काढून ठेवतात, शिवणाची उशी घालून. तिथे त्यांचे वाचन चालते. परवा अप्पा परतले तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर एक लाल ठिपका होता. मी लगेच पाहिला. ताईनेही पाहिला. माझी सुई थरथरली. आता कपाट उघडणार, दोरे निघणार, कुलूप निघणार!

ताई म्हणाली, "अप्पा, टोमॅटो खाल्लात?"

"एक फोड. डॉक्टरांनी आठवड्यातून एक सांगितली आहे ना, तीच. तिनं मोजूनच दिली."

"कसा होता?"

अप्पांनी डोळे मिटले आणि चांगली पाच मिनिटे ते त्या एका फोडीचे वर्णन करत राहिले. ताई समोर बसून ऐकत होती.

मित्रांनो, ती एवढेच तीन महिन्यांपूर्वी विचारू शकली असती. मीही तिच्यासारखाच. तबकात जे ठेवाल त्याचे वजन मी सांगतो, कोणी ते का उचलले ते मला सांगता येत नाही. म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. माझ्यासारख्या जुन्या काट्याला कोरड्या फडक्याने पुसा, अधूनमधून ओळखीचे वजन ठेवून तपासा आणि रागाच्या भरात माझे स्क्रू आवळू नका. आणि घरातले कोणी जेवेनासे झाले, गप्प राहू लागले, तर मला कट्ट्यावरच राहू द्या. त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि तोंडाने विचारा.