पिवळा डस्टर आणि बोरीची राख

मित्रांनो, फळा पुसणारा डस्टर तुम्ही रोज पाहता. मी त्याच्या नावाचा आहे, पण त्याच्या घराण्यातला नाही. मी एक जुना पिवळा डस्टर आहे, गाडी पुसायचा. फलालीनचा हातभर तुकडा. आज बोरी बुद्रुकच्या एका न्हाणीघरात मी खिळ्याला लटकतो आहे. इथे कसा आलो ते आठवलं की अजूनही माझे धागे ताठ होतात. जे घडलं ते माझ्याच अंगाने घडलं, आणि तरी ते घडताना मला कळलं नव्हतं.

मी गिरणीत जन्मलो. सूत विणून झाल्यावर बारीक तारांच्या रुळांनी माझी पाठपोट विंचरली, तेव्हा माझ्या अंगावर लव आली. ही लव म्हणजेच मी. धूळ तिच्यात शिरते, मग ती रंगावर घासत नाही. नारायणगावच्या दुकानात मी गठ्ठ्यात पडलो होतो. तिथे हौशीराम आला. त्याने मला उचललं, डोळे मिटले आणि गालावरून फिरवलं.

दुकानदार हसला. "भाऊ, गाडी पुसायचीय का पोराचं अंग?"

"गाडीच. पन तिची कातडी पोरापरीस नाजूक हाय," हौशीराम म्हणाला.

हौशीराम मंचरच्या इंद्रायणीबाईंकडे ड्रायव्हर होता. बाई शाळेत शिकवायच्या. त्यांचे पती डॉक्टर भगवंतराव गावोगाव फिरून रोगी तपासत, ते एका काळ्या फियाटमधून. डॉक्टर वारले, गाडी राहिली. त्या काळ्या रंगाचं काय सांगू! बॉनेटवर वाकलात तर तुमच्या भुवया मोजता याव्यात.

या गाडीसाठी हौशीरामकडे एक लाकडी पेटी होती. तिच्यात माझे सोबती राहत. पाणी पिऊन पिऊन फुगणारं मऊ शॅमी लेदर, डांबराचे ठिपके काढायला रॉकेलची बाटली, मेणाच्या पॉलिशचा चपटा डबा, काचेला लावायचे जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे. डॅशबोर्डच्या फटींसाठी डॉक्टरांचाच जुना दाढीचा ब्रश होता. तो स्वतःला आमच्यापेक्षा वरचा समजे, कारण तो साहेबांच्या गालावरून उतरून आलेला. हौशीराम उन्हात गाडी कधीच धूत नसे. आधी नुसतं पाणी सोडून माती वाहू द्यायची, मग शॅमी, मग मेण, आणि सगळ्यात शेवटी मी. मी चुकून जमिनीवर पडलो तर त्या दिवशी मला सुट्टी. "पडलेलं फडकं फडकं न्हाई, कानस झाली," तो म्हणे. मला ते अतिशयोक्त वाटायचं. मी, आणि लोखंड घासायची कानस!

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. इंद्रायणीबाईंच्या मुलीचं, आरोहीचं लग्न ठरलं. सासर येडगावचं. बाईंनी हौशीरामला एवढंच सांगितलं, "पाठवणी याच गाडीतून करायची. तिचे बाबा नाहीत, त्यांची गाडी तरी तिला पोचवायला जाऊ दे."

लग्नाच्या आदल्या दिवशी हौशीरामने गाडी बोरीला स्वतःच्या घरी आणली. विहिरीचं पाणी भरपूर आणि चिंचेची सावली दाट. सकाळभर आम्ही सगळे राबलो. गाडी अशी झाली की चिंचेची पानं झाडावर आहेत की छपरावर, हे मलाही सांगता येईना. मग मला पेटीवर वाळत टाकून तो झेंडूचे हार आणायला आळेफाट्याला गेला.

तेवढ्यात एक कावळा चिंचेवर बसला आणि बॉनेटवर घाण करून गेला.

हौशीरामची आई बयाबाई ओसरीतून हे बघत होती. "मेल्या, तुला दुसरी जागा न्हाई घावली? डाक्टरांच्या लेकीची गाडी ती!" ती उठून आली. पाण्याने घाण गेली, पण मेणावर एक निस्तेज डाग राहिला. तिने तो बोटाने चोळून पाहिला. मग ती घरात गेली आणि वाटीत राख घेऊन आली.

ही चुलीतली राख नव्हे. बोरीजवळ कुकडीच्या काठाला मातीत पांढुरक्या राखेचा एक थर आहे. बोटांत धरली तर पीठच. बयाबाई तिनेच भांडी घासायची, आणि तिचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब गावात कुणाच्याही बंबापेक्षा लखलखायचा. तिने पेटीवरून मला उचललं. "किती मऊ हाय! ह्यानं काय व्हतंय," ती म्हणाली, आणि मला ओलं करून राखेत बुडवलं.

मित्रांनो, मीही फसलो. इतकी बारीक पूड माझ्या लवेत शिरली की मला गुदगुल्या झाल्या. बयाबाईचा दंड भांडी घासून कमावलेला. ती गोल गोल घासत राहिली. डाग गेला. ओलं बॉनेट आधीपेक्षा काळं दिसू लागलं. ती खूश झाली आणि स्टुलावर उभी राहून छप्परही घासू लागली.

पाण्याचा हा खोडसाळपणा मला तेव्हा माहीत नव्हता. ओरखड्यात पाणी भरलं की ओरखडा दिसत नाही. ते पाणी कडेकडेने वाळू लागलं तसं काळ्या रंगातून काहीतरी पांढरं वर आलं. आधी मला वाटलं राख राहिली असेल. बयाबाईने स्वच्छ पाणी ओतलं. पांढरं गेलं. वाळलं, आणि परत आलं. चिंचेच्या फटीतून ऊन छपरावर पडलं होतं. त्या उन्हाच्या झळाळीभोवती कोळ्याने विणावं तसं चमचमत्या धाग्यांचं गोल जाळं दिसत होतं. मी हादरलो. ते जाळं मी विणलं होतं. मी, ज्याला गालावर फिरवून निवडलं होतं.

हौशीराम परतला. हातातले हार त्याने खाली ठेवले नाहीत, ते आपोआप गळून पडले.

"आये, काय केलंस गं हे?"

"कावळ्यानं घाण केली व्हती. म्हनलं हात लागलाच हाय तर समदीच लखलखीत करावी. आरं, ओली व्हती तवा लई झाक दिसत व्हती!"

"कशानं घासलीस?"

"राखंनं. बंब चमकतो न्हवं तिनं?"

"बंब तांब्याचा हाय, आये! हा रंग हाय, रंग!"

बयाबाई घाबरून पदराने बॉनेट पुसायला वाकली.

"हात लावू नको!" हौशीराम ओरडला. "ह्याच्याफुडं गाडीला हात लावू नको तू!"

निखाऱ्याला बोट लागावं तसा तिने हात मागे घेतला. हौशीरामने हार उचलले आणि गाडीचं दार उघडलं. मग ती म्हणाली, "मी बी येते. बाईंम्होरं मीच सांगनार."

मंचरला जाता जाता नारायणगावात गेणभाऊंचं गॅरेज लागतं. गाड्या रंगवण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी जाळ्यावरून नख आडवं फिरवलं. "नख अडकत न्हाई. वरच्यावर हाय, निघंल." मग बयाबाईकडे वळून म्हणाले, "मावशी, एका दुपारी एवढी घासाई? माझी पोरं आठवडाभर घासत न्हाईत. या की कामाला!"

बयाबाई हसली नाही.

गेणभाऊंनी रंगावरचे ओरखडे घालवायच्या कंपाउंडचा डबा उघडला. गोळा मऊ, लोण्यासारखा. हौशीरामने तो बोटांत चोळला आणि दचकला. "गेणभाऊ, ह्याच्यात बी कचकच लागतीय!"

"मग? ह्ये बी खरवडतंच. तुझ्या आईच्या राखंपरीस लई बारीक, एवढंच. मोठा ओरखडा बारीक ओरखड्यानं घालवायचा, त्यालाच पॉलिश म्हणत्यात."

मला हा दुसरा धक्का होता. ज्या चमकेवर मी आयुष्यभर मिरवलो, तीसुद्धा डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यांचीच होती तर! गेणभाऊंनी मला चिमटीत धरून झटकलं. "आन् ह्ये फडकं टाकून दे. ह्याच्या बुडात राख बसलीय. ही आता कानस झाली."

तोच शब्द.

हौशीरामने मला टाकलं नाही, पेटीच्या कोपऱ्यात कोंबलं. फटीतून मी पाहत राहिलो. दोघांनी सरळ रेषेत घासून घासून बॉनेट पुन्हा काळं केलं. त्यांच्या फडक्यांवर गाडीचा काळा रंग उतरत होता. बयाबाई भिंतीशी बसली होती, हात पदरात गुंडाळून. छपराला वेळ उरला नाही. गेणभाऊंनी कंपाउंडचा डबा आणि कोरी फडकी बरोबर दिली.

मंचरला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. बाई दारातच उभ्या होत्या.

हौशीराम खाली मान घालून म्हणाला, "बाई, माझ्या हातनं चूक झाली. राखेचं फडकं लागलं."

"खोटं बोलतोय त्यो," मागच्या सीटवरून उतरत बयाबाई म्हणाली. "म्या घासली."

इंद्रायणीबाईंनी छप्पर पाहिलं. कलत्या उन्हाच्या झळाळीभोवती ते गोल जाळं चमकत होतं. त्या दोन पावलं सरकल्या, जाळंही त्यांच्याबरोबर सरकलं. ओरखडे छपरभर होते, झळाळी जाईल तिथे ते दिसत. त्या पायरीवर बसल्या. "यांनी या छपरावर कधी वर्तमानपत्रसुद्धा ठेवू दिलं नव्हतं," एवढंच बोलल्या. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

आवाज ऐकून आरोही बाहेर आली. दोन्ही हातांवर ओली मेंदी. ती पुण्याला भूशास्त्र शिकली होती.

"राख? बोरीची? नदीकाठची?" तिचे डोळे मोठे झाले. "आई, आमच्या सरांनी ती बघायला आम्हाला तिथे नेलं होतं! हौशीरामदादा, ते फडकं कुठंय? कुणीतरी माझ्या पर्समधलं भिंग काढा ना!"

"आरोही, उद्या लग्न आहे तुझं," बाई म्हणाल्या.

"म्हणून तर आजच बघते. बयामावशी, भिंग तुम्हीच धरा. माझे हात हे असे."

हौशीरामने मला पेटीतून काढलं आणि बयाबाईने घाबरत माझ्यावर भिंग धरलं. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या लवेच्या आत पाहत होतं.

"आगं बया!" ती किंचाळली. "ह्या तर काचा हायेत! बारक्या बारक्या, फुटलेल्या बांगडीवानी!"

"ज्वालामुखीच्या काचा, मावशी. समुद्रापलीकडून उडत आल्या. तेव्हा बोरी नव्हती, जुन्नर नव्हतं, आपल्यातलं कुणीच नव्हतं."

"आन् म्या जलमभर ह्यानं भांडी घासली?"

"म्हणून तर चमकतात!"

इंद्रायणीबाईंना हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडू. पदराने डोळे टिपून त्यांनी विचारलं, "हौशीराम, छपराचं काय?"

"सकाळी करतो, सावलीत."

"वऱ्हाड दुपारी येईल. एकट्याने होईल?"

 हौशीरामने आईकडे पाहिलं. तिचे हात पदरातच होते.

सकाळी त्याने पेटी उघडली. माझ्याकडे हात आला, पण मला ओलांडून गेला. त्याने एक कोरं पिवळं फडकं काढलं. नेहमीसारखं ते स्वतःच्या गालाला लावलं नाही. आईसमोर धरलं.

"आये, गालाला लावून बघ."

"माझ्या? माझा गाल कसला, दगडी पाटा त्यो."

"बघ तर."

तिने डोळे मिटून फडकं गालावरून फिरवलं. "मऊ हाय," ती म्हणाली. 

"मग घे. गोल न्हाई, सरळ घासायचं. आन् बंबावानी जोर नको लावू."

"शिकवतंय मला," ती पुटपुटली, आणि दोघं छपराच्या दोन बाजूंनी कामाला लागले. वऱ्हाडाचे ताशे ऐकू आले तेव्हा मागचा एक कोपरा राहिला होता. बयाबाईने त्यावर झेंडूची माळ अंथरली. लग्न लागलं आणि आरोही त्या गाडीतून येडगावला गेली. छपरात सारं आकाश दिसत होतं.

मला टाकून द्यायची वेळ आली तेव्हा बयाबाई म्हणाली, "दे हिकडं, बंबाला व्हईल." माझ्या बुडातल्या काचा तांब्याला मानवल्या. पुढे गॅसचा गिझर आला, बंब थंड झाला आणि मी खिळ्यावर आलो. हौशीरामच्या पेटीत आता निळी मायक्रोफायबरची फडकी असतात.

मित्रांनो, मऊ दिसणाऱ्या गोष्टीच्या आत काय शिरलं आहे, ते वापरण्याआधी एकदा उलटून पाहा. फडकं झटका, धुवा, उजेडात धरा. आणि मायेने राबणाऱ्या एखाद्या हाताने काही बिघडवलं, तर तो हात दूर लोटू नका. त्याला चांगलं फडकं द्या आणि कसं घासायचं ते सांगा.

हौशीराम अजूनही नवं फडकं घेतलं की थेट पेटीत टाकत नाही. आधी बोरीला येतो. म्हाताऱ्या बयाबाईसमोर ते धरतो, आणि ती डोळे मिटून गाल पुढे करते.