अळ्यांच्या खोलीतले रविवार

१९५४ च्या मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी नजला तुतीची पानं फडक्याने एकेक करून पुसत होती. दंव राहिलेलं पान पोटात गेलं की अळीला हगवण लागते, हे तिला आता कुणी सांगावं लागत नव्हतं. खाली फाटकाशी मोटारी येऊन थांबत होत्या, मुलींना नावाने हाका पडत होत्या.

दारात जुमाना आली. उंबरठ्याच्या आत मात्र तिने पाऊल टाकलं नाही.

"नजला, माझी आजी आलीय. खजुराच्या वड्या आणल्यात. चल की."

"अळ्यांकडे कोण बघेल?"

"अळ्या काय पळून जाणार आहेत?"

"तुझी आजी जाईल. जा तू."

बैरूतच्या वरच्या डोंगरातली ही मुलींची शाळा अफीफाबाईंनी वडिलांच्या बंद पडलेल्या रेशमाच्या गिरणीत काढली होती. ना सरकारची, ना चर्चची. मुली तिथे बीजगणित शिकत आणि शेळ्यांच्या धारा काढत. भाकऱ्या भाजत, साबण कढवत, आणि वसंतात रेशमाच्या अळ्या पाळत. हाताला एकदा कळलं की डोक्याला वेगळं सांगावं लागत नाही, असं बाई म्हणायच्या.

अळ्या शिकवायला उम्म शाहीन होती, म्हणजे शाहीनची आई. गिरणी चालू होती तेव्हा दहाव्या वर्षापासून उकळत्या पाण्यातल्या कोषांचं सूत काढून तिची बोटं कायमची सुरकुतलेली. शाहीन ब्राझीलला गेला त्याला अकरा वर्षं झाली होती. पत्र नव्हतं. टपालवाल्याला ती तरीही कॉफी पाजायची. तिच्या खोलीचे नियम कडक होते: कांदा नको, तंबाखू नको, अत्तर तर मुळीच नको. जो वास नेईल त्याला हंगामभर उंबरठा बंद.

नजला बारा वर्षांची होती. आईवडील तीन वर्षांपूर्वी आफ्रिकेत डाकारला दुकान टाकायला गेले, वर्षभरात तुला नेतो म्हणाले. फाटकाशी तिचं नाव कुणी घेत नसे. इथे मात्र बारा सुपांतल्या अळ्या तिच्या हाताची वाट बघत. रविवारी सगळ्या खाली गेल्या की ती एकटीच त्यांचं चरणं ऐकत बसे.

आदल्या दिवशीच डाकारहून परतलेल्या एका गावकऱ्याने तिच्यासाठी पुडकं आणून दिलं होतं. आत पत्र होतं: यंदाही जमत नाही, तुला बहीण झाली. सोबत कोलन अत्तराची बाटली, अर्धी संपलेली. आईची स्वतःची. नजलाने झोपताना दोन थेंब उशीवर टाकले, आणि मग केसांना. सकाळी उठली तेव्हा तो वास तिला येईनासा झाला होता. वाटलं, उडून गेला.

संध्याकाळपर्यंत तिच्या तीन सुपांतल्या अळ्यांनी माना वर करून खाणं थांबवलं. सोमवारी सकाळी त्या पिवळ्या पडून लोळागोळा झाल्या होत्या. चौथी कात टाकलेल्या, आठवड्याभरात कोष विणायला बसणाऱ्या अळ्या.

अफीफाबाईंनी चौदाही मुलींना खोलीबाहेर ओळीत उभं केलं.

"कोण काय लावून आलं होतं?"

"सुपं नजलाची आहेत, बाई," कुणीतरी म्हणालं.

"काल तीच होती दिवसभर," दुसरी म्हणाली.

नजलाला एकदम कळलं. पायाखालची फरशी तिने घट्ट धरून ठेवली, पायाच्या बोटांनी. उम्म शाहीन ओळीसमोरून हळूहळू चालत आली, तिच्यापाशी थांबली, वाकून तिच्या केसांत अडकलेला पानाचा तुकडा काढला. काढायला जरा जास्तच वेळ लागला. मग ती वळली.

"बाई, मी केलं ते. काल खाली कांदे परतले आणि वरची खिडकी लावायची विसरले. म्हातारी झाले आता."

अफीफाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. रविवारी स्वयंपाकघरात काय रांधलं होतं, ते त्यांना माहीत होतं.

"नियम तुझाच आहे, उम्म शाहीन."

"माझाच आहे. म्हणून तर सांगतेय."

त्या दिवसापासून ती बाहेर पायरीवर बसली. तिथून ओरडे, "जुमाना, सूप हलवतेस की लग्नात नाचतेस?" मुली हसत. नजला खाली मान घालून पानं पुसे. त्या सोमवारी तिने शाळेत कढवलेल्या साबणाने केस तीनदा धुतले होते, टाळू झोंबेपर्यंत.

पुढच्या रविवारी सगळ्या फाटकाशी गेल्यावर ती बाहेर येऊन पायरीवर टेकली.

"ते मी केलं होतं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"तुम्ही का..."

"मी त्या खोलीत पन्नास वर्षं बसलेय, पोरी. एक हंगाम बाहेर बसले तर मरत नाही." मग विचारलं, "आईचा वास होता का तो?"

"हो."

"मग धुवून कशाला टाकलास?"

आतून पानं कुरतडल्याचा आवाज येत होता. नजला उठून आत गेली.

त्या वर्षी कोष कमी निघाले, पण निघाले. उम्म शाहीन एकोणसाठच्या हिवाळ्यात गेली; गावच्या भिंतीवर लावलेल्या निधनाच्या पत्रकात शोकाकुल म्हणून पहिलं नाव शाहीनचंच छापलं होतं. जुमाना लग्न होऊन मॉन्ट्रियलला गेली, ईस्टरला तिचं कार्ड येई. अफीफाबाईंनी पंचाहत्तर साली देशात यादवी सुरू झाल्यावर शाळा बंद केली आणि किल्ल्यांचा जुडगा गळ्यात घालून तिथेच राहिल्या, अखेरपर्यंत. नजला डाकारला कधी गेली नाही. न्यायला माणूस आला तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि लहान मुलींना अळ्या शिकवत होती. हंगाम संपला की येते, असं तिने त्याला सांगितलं.

त्रेसष्ट साली आईच आली, तीन मुलांना घेऊन. मुलं नजलाला "तुम्ही" म्हणत होती. आई पदर खोचावा तशी बाह्या सारून सरळ चुलीपाशी गेली, कॉफीचं भांडं शोधून काढलं, पाणी ठेवलं, आणि पाठमोरीच थांबली.

"साखर किती घालू गं तुला?"

नजला कॉफी बिनसाखरेची प्यायची.

"तू घालशील तेवढी," ती म्हणाली.