मागचं वाळवंट

"विलासराव, उंट काही दिसेनात," मागच्या सीटवरून कुमुदिनीबाई म्हणाल्या.

भाड्याची छोटी गाडी बेटाच्या किनाऱ्याकिनाऱ्याने चालली होती. विलासने आरशातून सासूबाईंकडे पाहिलं. बोट सुटल्यापासून त्यांची ही चौकशी चालू होती, आणि बोट सकाळी टोकियोहून सुटली होती.

"आई, इथे उंट नसतात."

"मग वाळवंट कसलं?" त्या म्हणाल्या आणि उत्तराची अपेक्षा न ठेवता दशम्यांचा डबा मांडीवर घट्ट धरून बसल्या.

ओशिमा बेटावर ज्वालामुखीच्या मागच्या अंगाला काळ्या वाळूचा मोठा ओसाड पट्टा आहे. लोक त्याला मागचं वाळवंट म्हणतात. मागचं का, तर पुढचंही एक आहे. पुढचं सोडून मागच्याकडे जायचं, चांगला रस्ता सोडून जिथे समोरून गाडी आली तर एकाला उलटं जावं लागतं असा रस्ता धरायचा, ही विलासची जुनी खोड. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला मोकळी जागा दिसली की आधी संशय येतो आणि मग चटक लागते. बँकेने टोकियोला पाठवल्यावर पहिल्याच वर्षी त्याने जपानी लायसन्स काढलं. सुट्टी आली की बायकोला, सुलेखाला, आणि लेकीला, कादंबरीला, गाडीत घालून तो कुठल्या ना कुठल्या वाळूकडे निघायचा. जपानमध्ये वाळू फारशी नाही, तरी तो शोधून काढायचा. जिथे पाहण्यासारखं काहीच नाही अशा जागा त्याने इतक्या मन लावून पाहिल्या होत्या, की ऑफिसातले ओनुमा-सान त्याला जमिनींचा दलाल समजत.

मग २०११चा मार्च आला. जमीन हलली, फुकुशिमाच्या बातम्या येऊ लागल्या आणि सुलेखा कादंबरीला घेऊन पुण्याला माहेरी गेली. पंधरा दिवसांकरता. त्या पंधरा दिवसांना आता दीड वर्ष उलटून गेलं होतं.

विलास सहलींना जात राहिला. एकटा. चौघांची गाडी घ्यायचा आणि मागच्या सीटवर पाण्याची बाटली ठेवायचा. टोकियोच्या कोतो भागातल्या त्याच्या इमारतीत सायकल ठेवायची तर दरवर्षी नवं स्टिकर घ्यावं लागतं. तो तिन्ही सायकलींचं घेत होता. त्यातल्या छोट्या सायकलवर कादंबरी आता बसली असती तर तिचे गुडघे हँडलला लागले असते. आपल्याला दुःख होतंय का, हे त्याला नक्की सांगता आलं नसतं. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो आणि नसतोही, तसं काहीतरी होतं. फक्त डॉक्टर बाहेर गेला तो परत आला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत तिघी आठवडाभर आल्या होत्या. आज विलासला सुलेखाला एकच गोष्ट विचारायची होती: एप्रिलपासून परत येता का? शाळा तीच, घर तेच. वाक्य पाठ होतं. घराच्या भिंती पातळ, बोटीत सासूबाई शेजारी. म्हणून वाळवंट.

वाटेत एक फुकट प्राणिसंग्रहालय लागलं आणि तिथे साक्षात उंट निघाला. दोन वशिंडांचा, समुद्राकडे तोंड करून उभा. कुमुदिनीबाईंनी त्याला बराच वेळ निरखलं.

"हा इथला नाही," त्या म्हणाल्या. "कंपनीने पाठवलेला दिसतोय."

विलास हसला. सुलेखा हसली नाही.

पुढे गाडी आतल्या रस्त्याला वळली. दोन्ही बाजूंच्या फांद्या काचेला घासू लागल्या आणि नेव्हिगेशनमधल्या बाईचा आवाज थांबला. तिच्या पडद्यावर गाडीचा बाण कोऱ्या जागेत पोहत होता. मग झाडं संपली आणि गाड्यांची हद्दही. समोर चढत गेलेली काळी वाळू होती, वर आभाळ होतं आणि मधे काही ठेवायचं राहून गेल्यासारखं दिसत होतं.

"सुगोइ, ने?" विलास कादंबरीला म्हणाला. भारी आहे ना, असं.

"बाबा, मराठीत बोल ना. मी विसरलेय ते सगळं."

हीच मुलगी पूर्वी झोपेतसुद्धा जपानीत भांडायची. विलासने मराठीत विचारलं. ती म्हणाली, हो, भारी आहे, पण काळं का आहे. मग उत्तर न ऐकताच पुढे धावली आणि वाऱ्यावर रेलून हात पसरून उभी राहिली. कुमुदिनीबाईंनी चढ बघितला, डबा बघितला आणि डब्याच्या बाजूने निर्णय घेतला. त्या पायथ्याशीच एका दगडावर बसल्या. नवराबायको चालू लागली. पायाखाली वाळू भाजलेल्या रव्यासारखी चुरचुरत होती.

"सुलेखा, मला एक विचारायचं होतं. म्हणजे, तुला वेळ असेल तर."

"मी क्लायंट नाहीये, विलास."

"नाही, ते एप्रिलपासून..."

"आम्ही येणार नाही आहोत," सुलेखा म्हणाली. "राहायला. आता कधीच."

विलास थांबला. त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याने थोडी वाट पाहिली. वारा आला आणि गेला. वाईट वाटण्याच्या जागी एक प्रश्न आला, तो त्याने विचारला.

"आईंना माहितीये?"

"हो."

"कादंबरीला?"

"सगळ्यात आधी तिच्याशीच बोलले."

"माझ्या आईला?"

"त्या म्हणाल्या, फोनवर नको सांगूस. समोर सांग. आणि जेवायच्या आधी नको."

"राजीवला?" राजीव म्हणजे विलासचा धाकटा भाऊ. त्याला सहसा कुणी काही विचारत नसे.

"भावजींना पटलंय. इथल्या शाळेलाही कळवलंय, जागा सोडतोय म्हणून."

तेव्हा कुठे विलासच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या ऑफिसात कुठलाही निर्णय बैठकीत होत नसे. आधी एकेकाला गाठायचं, कॉफी पाजायची, त्याची मान हलवून घ्यायची. सगळ्यांच्या माना हलल्या की मग बैठक बोलवायची. याला नेमावाशी म्हणतात. बैठकीत हरकत कुणीच घेत नाही, कारण ज्याची असते ती कॉफीबरोबर केव्हाच गिळून झालेली असते. टोकियोतल्या पहिल्या हिवाळ्यात जेवताना त्यानेच हे सुलेखाला मोठ्या कौतुकाने समजावून सांगितलं होतं. आपल्याकडे अशी पद्धत पाहिजे, असंही म्हणाला होता. सुलेखा तेव्हा भात वाढत होती. ती इतकं लक्ष देऊन ऐकतेय असं वाटलं नव्हतं.

तर ही बैठक होती. गंमत म्हणजे तिची जागा त्यानेच निवडली होती, बोटीची तिकिटं त्यानेच काढली होती.

"म्हणजे सांगायचा मी एकटाच राहिलो होतो," तो म्हणाला.

"तुझ्याशी तर सगळ्यात आधी बोलणं झालं होतं. विमानतळावर. तुझं तिकीट तुझ्याच हातात होतं."

होतं खरं. बँकेने सांगितलं होतं, ज्यांना जायचंय त्यांनी जावं. विलास त्या दोघींना सोडायला गेला आणि तिथूनच परत फिरला. ओनुमा-सान अजून जागेवर बसलेत, ते उठले की मी निघतोच, असं तो सुलेखाला म्हणाला होता. सहा महिन्यांनी एका पार्टीत दोन बिअरनंतर ओनुमा-साननी सांगितलं, की त्यांना बायकोमुलांकडे ओसाकाला जायचं होतं. पण विलास-सान उठेनात. परदेशी माणूस बसलाय आणि आपण कसं उठायचं? दोघं खूप हसले होते. ही गोष्ट विलासने सुलेखाला कधी सांगितली नाही. आत्ताही सांगितली नाही.

"तू ये, असं मी म्हणणार नाही," सुलेखा म्हणाली. ती त्याच्याकडे न बघता लांब उभ्या असलेल्या लेकीकडे बघत होती. "यायचं तर ये. नाही तर नको येऊस. पण कुणी उठायची वाट बघत बसू नकोस, एवढंच."

"बरं," विलास म्हणाला. आणि मग, "तू एवढा विचार केलास, त्याबद्दल..."

ऑफिसातल्या सवयीने त्याची मान खाली जायला लागली होती, पाठही वाकायला लागली होती. कंबरेत निम्मा वाकल्यावर ते त्याच्या लक्षात आलं. तसा तो आणखी वाकला, वाळूतला एक खडा उचलला, नीट पाहिला आणि परत ठेवला. सुलेखाने ते न पाहिल्यासारखं केलं.

गाडीपाशी आल्यावर दशम्या खाल्ल्या. चटणीत वाऱ्याने थोडी वाळू मिसळली होती. कुमुदिनीबाई म्हणाल्या, चव आलीय उलट. शेजारी पाटी होती: हा प्रदेश संरक्षित आहे, इथली वाळू किंवा दगड सोबत नेऊ नयेत. सगळ्यांचे बूट गच्च भरले होते. कादंबरी दारात बसली तसा विलास तिच्यासमोर गुडघे टेकून बसला. त्याने तिचे बूट काढले, पाटीच्या अलीकडे उलटे करून झटकले, मोज्यांच्या घडीत बोट घालून तिथलीही वाळू काढली आणि बूट परत घातले. मग सासूबाईंचे. "अहो, जावयाने कशाला," असं म्हणत त्यांनी पाय पुढे केला. मग सुलेखाचे. त्याच्या खांद्यावर एक हात टेकून ती एका पायावर उभी राहिली, मग दुसऱ्या. त्याने नाड्या बांधल्या. दोन्हीकडे दुहेरी गाठ मारली आणि फार आवळली नाही ना, विचारलं. ती म्हणाली, नाही.

बोटीची वेळ होत आली होती. सगळे बसले आणि विलासने गाडी सुरू केली. त्याच्या स्वतःच्या बुटांत वाळू तशीच होती. पण गाडी ऑटोमॅटिक होती, क्लच नव्हता, त्यामुळे अडायचं ते एकाच पायाचं अडत होतं.