पूर्णेच्या घाटावर हरवलेला बुधवार

गुरुवारी घाटावर अख्खं गाव लोटलं. गावात नव्याने उतरलेले धागेबाबा हरवलेला बुधवार शोधून देणार होते.

पूर्णेला पूर होता. पाणी चढलं-उतरलं ते कळावं म्हणून कोतवाल रोज सकाळी देवळाच्या भिंतीवर गेरूची रेघ ओढी. बुधवारी तो तापाने फणफणला, रेघ राहिली. बाबांनी डोळे फिरवले, मंगळवारच्या रेघेपासून गुरुवारच्या रेघेपर्यंत दोरा ताणला, दुमडून निम्मा केला आणि मधोमध बोट टेकवलं. "हा घ्या बुधवार!"

लोक गहिवरले. दोऱ्याचं वरचं टोक धरणारा सूर्यभान तर हुंदके देऊ लागला.

सूर्यभान गावातला सर्वांत हुशार माणूस. निदान त्याला तरी ते पटलेलं होतं. अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव आल्याचं कळताच त्याने घरातल्या गाद्या-उशा फाडून कापूस गाडीत भरला होता; आता फक्त गाडी पूर्णेपार न्यायची राहिली होती. बाबांनी त्याला सांगितलं, "ज्याले गेलेलं दिसते, त्याले येणारंबी दिसते. उद्या पाणी गुडघाभर. खुशाल बैल घाल!"

"थांबा जरा," त्याची बायको मैनाबाई म्हणाली. "बाबाजी, बुधवारी पाणी एवढंच होतं?"

"माई, साक्षात पाहून राहिलो!"

मैनाबाईने भिंतीवर टांगलेलं घोंगडं ओढलं. खाली कोळशाची रेघ होती, बाबांच्या बोटापेक्षा हातभर उंच.

"कोतवाल आला नाही, म्हून काल सकाळी मीनं ओढली, पुंजाराम नावाड्यासमोर. तुमाले पारखाले झाकून ठेवली. परवा रातच्याले डोंगरात पाऊस झाला, पाणी चढलं अन् उतरलं."

"खरं हाय," पुंजाराम म्हणाला.

"दोरा विटाळला!" बाबा गरजले.

"दोरा तं मीच धरला होता!" सूर्यभान तावात ओरडला. लोक हसले, तेव्हा आपण काय बोललो ते त्याला कळलं.

"मंधात बोट ठेवाले देव काहून लागते?" मैनाबाई म्हणाली. "आता उद्याचं पाणी दाखवा. एक टोक आजच्या रेघेवर ठेवा. दुसरं कुठं ठेवता?"

बाबा दुसरं टोक हवेत धरून बराच वेळ उभे राहिले. जागा सापडेना.

शुक्रवारी सकाळी पाणी पुरुषभर होतं. सूर्यभान बैलांना वैरण घालत काठावरच बसला. बाबा रातोरात नाहीसे झाले होते.

मंडळी, दोन खुणांच्या मधली जागा कोणीही भरील. तो अंदाज आहे. अंदाजाला अंदाजच म्हणा, दर्शन म्हणू नका. आणि बैल पाण्यात घालण्याआधी काठी घालून पाहा.