खपलीचा पाव

काउंटरपाशी उभं राहून नाकाच्या शेंड्यावरून पावाकडे बघणारी माणसं बेकरीवालीच्या डोक्यात जायची. "यात ग्लुटेन कितीसं असेल हो?" जसा काही पावात विंचूच बसलाय! तोंडावर ती गोड बोलायची, पण गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं रे पडलं की मान वाकडी करून, करंगळी उचलून, नाकातून अशी नक्कल करायची की भट्टीवरचा माणूस पोट धरून हसायचा. घरी जेवतानाही तोच खेळ. नवरा हसायचा, सासूबाई डोळे पुसत हसायच्या. बारकीसुद्धा हसायची.

बारकी म्हणजे तिची लेक. आणि गंमत बघा, तिला गहू खरंच चालत नव्हता. हौस म्हणून नव्हे, आजारच होता तो. कणभर गहू पोटात गेला तरी आतडी सोलून निघायची. हे डॉक्टरांच्या ध्यानात येईपर्यंत पोरीची पार काडी झाली होती आणि शाळेचं अर्धं वर्ष अंथरुणात गेलं होतं. तेव्हापासून बेकरीवाली दुकानामागच्या मोरीत केस धुऊन, अंघोळ करून, कपडे बदलून मगच घरी जायची. त्याआधी लेकीला जवळ घ्यायचीच नाही. घरात फक्त ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ, तेही स्वतः निवडलेले आणि घरच्याच चक्कीवर दळलेले. आत्ता कुठे पोरीच्या गालावर मांस दिसायला लागलं होतं.

म्हणून तर या हौशी मंडळींना बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ह्यांचं पोट सुटणार आणि खापर फुटणार गव्हावर!

त्या मंडळींचे मुकुटमणी म्हणजे भावोजी, ताईचे यजमान. "ग्लुटेन कमी केल्यापासून गुडघे दुखत नाहीत, झोप गाढ लागते, डोकं कसं तल्लख झालंय," असं ते भेटेल त्याला ऐकवायचे. तल्लख! मग दिसू द्या की एकदा, असं तिच्या अगदी ओठांवर यायचं. तळलेलं सोडलं, बिअर सोडली, रोज चालायला लागले, म्हणून गुडघे थांबले. पण ते सांगण्यात कसला आलाय मोठेपणा?

रविवारी ताईकडे जेवायला बोलावलं होतं. भावोजींनी स्वतःच्या हातांनी पाव भाजला होता. रंगाला वीट आणि वजनालाही वीट. "धान्यं मी स्वतः अभ्यास करून निवडलीत," ते सगळ्यांना सांगत होते. बेकरीवाली बारकीचा वेगळा डबा गरम करायला आत गेली. बाहेर येऊन बघते तर काय, पोरीच्या ताटात पावाचे तुकडे आणि एक अर्धा खाल्लेला हातात.

"कशाचा आहे हा?"

"ज्वारी, थोडे जव आणि खपली," भावोजी खुशीत म्हणाले. "खपली म्हणजे जुन्या वाणाचा गहू. ग्लुटेन अगदी कमी."

"जुना असो नाहीतर नवा, गहूच ना तो! आणि जवातही तेच असतं. कमी तुमच्या ढेरीला चालतं हो, हिला शून्य लागतं, शून्य!"

"अगं, एवढ्याशा तुकड्याने..."

"तुम्ही गप्प बसा."

"मुद्दाम केलं का त्यांनी?" ताई मधे पडली.

"मुद्दाम करायलाही अक्कल लागते, ताई." असं म्हणून तिने पोरीचा हात धरला आणि ताटावरून उठवून घरी आणलं.

संध्याकाळपर्यंत बारकी ओकून ओकून पांढरीफटक पडली. डॉक्टरांना फोन झाला, ते म्हणाले पाणी पाजत राहा. बेकरीवाली एका हाताने बादली आणि दुसऱ्या हाताने पोरीचे केस धरून भावोजींचा उद्धार करत बसली होती. दीडशहाणा मेला. वर्षभराची मेहनत मातीत घातली. शेवटी शिव्याही संपल्या.

"बारके, कुणी काही दिलं तर आधी काय विचारायचं, सांग?"

"यात गहू आहे का."

"मग विचारलं का नाहीस गं?"

बारकी उशीला टेकून जराशी उठली, मान वाकडी केली, बारीकशी करंगळी वर उचलली आणि नाकातून म्हणाली, "यात ग्लुटेन कितीसं असेल हो?"

नक्कल हुबेहूब होती.

"मी अशी दिसले असते ना," ती म्हणाली. "सगळे हसले असते मला."

बेकरीवाली बादली घेऊन मोरीत गेली, नळ सोडला आणि बादली भरून वाहायला लागली तरी तिथेच उभी राहिली.