ग्रोनिंगनहून आलेला डोस

जून २०२०. रॉटरडॅमला लागून असलेल्या कापेल आन डेन आयसेल गावातल्या एका औषधांच्या दुकानात एका वेळी दोनच माणसांना आत घेत होते. बाकीचे बाहेर, फुटपाथवर चिकटवलेल्या पिवळ्या पट्ट्यांवर दीड-दीड मीटर अंतर राखून उभे होते. काउंटरवर नवी पारदर्शक काच बसवली होती. काचेमागे शामला ढवळे सकाळपासून तिसऱ्यांदा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ग्रोनिंगनला फोन लावत होती.

शामला या दुकानाची फार्मसिस्ट. शिक्षण पुण्यात झालेलं, पण इथल्या परीक्षा पुन्हा देऊन तिनं परवाना मिळवला होता. काचेपलीकडे उभा होता सारंग. मागच्याच आठवड्यात रॉटरडॅमची नोकरी धरून तो ग्रोनिंगनहून इकडे राहायला आला होता. त्याचे वडील नीळकंठ जानेवारीत साताऱ्याहून आले होते. एप्रिलमध्ये परत जाणार होते, तेवढ्यात विमानं बंद झाली.

नीळकंठांच्या हृदयात कृत्रिम झडप होती. तिच्यावर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज रात्री घ्यावी लागे. साताऱ्याहून आणलेल्या गोळ्या काल संपल्या. ग्रोनिंगनच्या डॉक्टरनं लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन तिथल्या औषधांच्या दुकानात पडून होतं. ते इकडे आलं, तर आज रात्री गोळी मिळणार होती.

तिकडून येत्स्के नावाची फार्मसिस्ट बोलत होती.

"नागरिक क्रमांक?"

"नाही. पाहुणे आहेत. सकाळीही सांगितलं."

"मग आमची सिस्टिम फाइल पाठवू देत नाही."

"सिस्टिम राहू दे. फॅक्स करा."

"रुग्णाच्या सहीचं संमतीपत्र लागेल."

"दोन तासांपूर्वी पाठवलंय."

"ते ईमेलनं आलं. आम्हाला मूळ कागद लागतो, पोस्टानं."

"आज शुक्रवार आहे. पोस्ट मंगळवारी पोचेल. गोळी आज रात्रीची आहे."

"मग कोणीतरी इथे येऊन घेऊन जावी."

"सरकार सांगतंय गरज नसेल तर ट्रेनमध्ये चढू नका. तुम्ही सांगताय, देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला या."

"हे बघा, मी फक्त नियम सांगतेय."

"चालेल. मूळ कागदच हवा असं कुठे लिहिलंय, तेवढं शोधून मला वाचून दाखवा. मी फोन ठेवत नाही."

"माझ्याकडे रांग लागलीय."

"माझ्याकडेही लागलीय. दोघी आपापली रांग उरकू. फोन चालू राहू दे."

शामलानं फोन स्पीकरवर टाकला आणि पुढच्या बाईंना दम्याचा पंप दिला. मग एका माणसाला मलम दिलं. फोनमधून ग्रोनिंगनचं दुकान ऐकू येत होतं. कोणीतरी खोकलं, तशी येत्स्केनं त्याला बाहेर थांबायला सांगितलं. एकदा ती पुटपुटली, "अजून आहात का?"

"आहे."

थोड्या वेळानं मागच्या खोलीतलं फॅक्स मशीन घुरघुरलं.

"आलं?" येत्स्केनं विचारलं.

"आलं. आभारी आहे."

"पुन्हा फोन करू नका," येत्स्के म्हणाली, पण हसून.

कागद स्वच्छ होता. औषधाचं नाव, एक मिलिग्रॅमची गोळी, रोज चार. खाली डॉक्टरचा शेरा होता: मार्चअखेर रक्त हवं तेवढं पातळ राहत नव्हतं, म्हणून डोस दोनदा वाढवला, गेल्या तपासणीत अगदी योग्य, चारच चालू ठेवाव्यात.

"ताई, मानलं तुम्हाला," सारंग म्हणाला. "द्या आता. साडेअकराला माझी मीटिंग आहे."

"काकांना आत बोलवा. नवीन पेशंटशी पहिल्यांदा बोलावं लागतं."

"त्यांचं सगळं मीच बघतो. त्यांना विचाराल तर ते एसटीच्या डेपोची गोष्ट सांगत बसतील."

"सांगू देत."

बाहेर थांबलेले नीळकंठ आत आले. अंगात स्वेटर, पायांत नातवाचे वाटावेत असे भडक बूट. त्यांनी काचेतून शामलाकडे नजर टाकली.

"तुम्ही कुठल्या?"

"पुण्याची. काका, गोळ्या किती घेता?"

"चार," सारंग म्हणाला.

"काकांना विचारलं मी."

"चार," नीळकंठ म्हणाले.

"येताना कधीपर्यंतच्या आणल्या होत्या?"

"एप्रिलपर्यंतच्या. वर महिन्याभराच्या जास्तीच्या. स्टोअरकीपर होतो मी. हातात राखीव साठा असल्याशिवाय आम्ही डेपो सोडत नसू."

"तेव्हा रोज किती घ्यायचात?"

"दोन."

शामलानं हातातलं पाकीट खाली ठेवलं.

"मार्चनंतर वाढल्या. तीन झाल्या, मग चार झाल्या. तरी एप्रिलपर्यंतच्या गोळ्या जूनपर्यंत पुरल्या?"

सारंगनं वडिलांकडे पाहिलं.

"बाबा?"

"विमानं बंद झाली," नीळकंठ म्हणाले. "नवा माल कधी येणार ते माहीत नाही. अशा वेळी साठा पुरवून वापरायचा, ही साधी रीत आहे. दोनाची एक केली. डॉक्टरनं तीन सांगितल्या, मी दीड घेतली. चार सांगितल्या, मी दोन घेतल्या."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू दिवसभर त्या कॉम्प्युटरसमोर. सांगितलं असतं तर आणखी एक काम तुझ्या डोक्यावर. माझ्या गोळ्या, माझा साठा."

"बाबा, डॉक्टर तुमचं रक्त तपासून डोस वाढवत होता."

"वाढवू दे ना. मी त्यातला अर्धा घेत होतो."

शामलानं कागद पुन्हा पाहिला. डॉक्टरला योग्य वाटलेलं ते रक्त दोन गोळ्यांचं होतं. खरोखरच्या चार पोटात गेल्या, की रक्त नको इतकं पातळ होणार होतं. मग डोक्यात किंवा पोटात रक्तस्राव होऊ शकतो, हे तिनं सारंगला सरळ सांगितलं.

"मग दोन द्या," सारंग म्हणाला.

"कागदावर चार आहेत. डोस मी माझ्या मनानं बदलू शकत नाही. आणि चार इथून जाणार नाहीत."

"म्हणजे आज काहीच मिळणार नाही? मग सकाळपासून कशासाठी भांडत होतात?"

ती फोन लावतच होती. ग्रोनिंगनच्या दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी सांगितलं की डॉक्टर कामात आहेत, सोमवारी फोन करतील.

"सोमवारपर्यंत पेशंट बोलायला असेल की नाही, ते मला सांगता येत नाही," शामला म्हणाली. "मी फोन ठेवत नाही."

डॉक्टर लाइनवर आले तेव्हा सारंगची मीटिंग सुरू होऊन गेली होती. त्यानं खिशातला मोबाइल वाजू दिला.

"रुग्ण चारवर स्थिर आहे," डॉक्टर म्हणाले. "तपासणी मी स्वतः पाहिलीय. तुम्हाला आज पहिल्यांदा भेटलेल्या माणसाचा डोस बदलायचाय?"

"तो दोनवर स्थिर आहे. तो इथेच उभा आहे. त्याच्याकडूनच ऐका." तिनं स्पीकर लावला. "काका, बोला. मी डचमध्ये सांगते."

"काय बोलू?"

"आत्ता जे बोललात तेच."

नीळकंठ काचेजवळ सरकले आणि फोनच्या दिशेनं, डेपोत बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगितलेल्या गोळ्यांच्या मी अर्ध्याच घेत होतो. साठा संपत होता म्हणून. मला अजून काही झालेलं नाही."

शामलानं शेवटच्या वाक्यासकट सगळं सांगितलं.

डॉक्टरनी विचारलं, "प्रत्येक वेळी अर्ध्या?"

"प्रत्येक वेळी," शामला म्हणाली.

"आज रात्री दोन. उद्या रॉटरडॅममध्ये रक्त तपासा. नवं प्रिस्क्रिप्शन पाठवतो."

"आत्ता पाठवा. मी थांबते."

नवं प्रिस्क्रिप्शन आल्यावर शामलानं चारचं लेबल फाडून टोपलीत टाकलं, दोनचं चिकटवलं आणि पाकीट काचेखालच्या फटीतून पुढे केलं. पण हात पाकिटावरून काढला नाही.

"काका, यातल्या अर्ध्या करायच्या नाहीत. लागतील तेवढ्या इथे मिळतील."

"बघू."

"बघू नाही."

नीळकंठांनी पाकीट ओढून पाहिलं. ते सुटलं नाही. बाहेर रांगेतल्या कुणीतरी काचेवर टकटक केली, तिकडे शामलानं लक्ष दिलं नाही.

"बरं," ते अखेर म्हणाले, तिच्याकडे नाही, सारंगकडे बघत. "दोन म्हणजे दोन. आणि कमी पडल्या तर तुला सांगेन."

तिनं हात काढला.